एक किलोमीटरच्या आतले दाजी

आपण नेमके कुठे राहतो हे शंभर टक्के ठाऊक असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. बाकी आपण सगळे भाड्यानं, कर्जानं, बदलीनं किंवा बायकोच्या मर्जीनं कुठेतरी राहत असतो आणि कोणी पत्ता विचारला की घटकाभर अडखळतो. आमचे दाजी अडखळत नाहीत. गाव, आळी, घराचं तोंड कुठल्या दिशेला, उंबऱ्यातून उतरलं की पहिलं पाऊल कुठल्या दगडावर पडतं, इथपर्यंत सगळं ते एका दमात सांगतात. त्यात एकच बारीक अडचण आहे. दाजी तिथे राहत नाहीत. तिथे कोणीच राहत नाही. तिथे धरणाचं पाणी आहे.

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी भोरला राहतो, ते वेल्ह्याच्या डोंगरात. मध्यंतरी सरकारनं त्या तालुक्याचं नाव बदललं, पण दाजी अजून वेल्हेच लिहितात आणि विचारलं तर म्हणतात, "आधी गाव हलीवलं, आता तालुका. कुणाकुणाच्या मागं पळायचं?" त्यांच्या गावाचं नाव मी इथे देत नाही. दाजींची हरकत नाही, पण ज्या साहेबांची गोष्ट पुढे येणार आहे त्यांची नोकरी अजून बाकी आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाणी चढलं तेव्हा गावानं आपापली लाकडं, कौलं, भांडी, म्हशी आणि भांडणं उचलली आणि डोंगराच्या अंगाला नवं गावठाण बसवलं. सरकारनं गावाचं नावही वर आणून दिलं. बाकीचे लोक वर्षा-दोन वर्षांत तिथे रुळले. दाजी मात्र अजून तिथे मुक्कामाला आहेत.

त्यांच्या बोलण्यात जगाचे दोनच भाग आहेत, 'खाली' आणि 'वर'. खाली म्हणजे घर. वर म्हणजे ते जिथे जेवतात, झोपतात, आजारी पडतात, जिथे त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि नात जन्मली, ती जागा. वरच्या घराच्या भिंतींना गिलावा नाही, कारण "हितं किती दिस ऱ्हायाचंय?" असं त्यांचं म्हणणं. घराला रंग नाही, दारावर नाव नाही, अंगणात झाड नाही. झाड लावलं की माणूस अडकतो, असं त्यांना वाटतं. माझ्या मेहुणीनं एकदा गुपचूप कढीपत्ता लावला. दाजींनी तो पाहिला, पण कढीपत्त्याला झाड म्हणावं की नाही याचा निर्णय त्यांनी अजून केलेला नाही. तेवढ्या वेळात कढीपत्ता पत्र्याला जाऊन टेकला.

या मुक्कामाची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे चौकट. पाणी यायच्या आधी जो तो आपल्या घराचं लाकूड सोडवून वर आणत होता, तेव्हा दाजींनीही पुढच्या दाराची चौकट उंबऱ्यासकट आणि कवाडांसकट आणली. जाड, काळसर सागवान, वर मधोमध कोरलेला गणपती, आणि डाव्या खांबावर ग्रामपंचायतीनं कधीकाळी ठोकलेला घरनंबराचा पत्र्याचा बिल्ला. लोकांनी आपापल्या चौकटी नव्या घरांना बसवल्या. दाजींनी आपली ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि घराला पत्र्याचं दार लावलं. "चौकट बसली की घर झालं," ते म्हणतात, "मग खालच्याला काय म्हणायचं?" त्यामुळे ती चौकट ओसरीत रुसलेल्या पाहुण्यासारखी उभी होती. दर दिवाळीला दाजी तिला तेल पाजत. येणाऱ्या-जाणाऱ्याची नडगी तिच्या उंबऱ्यावर आपटे. माझी तर प्रत्येक भेटीत आपटे, आणि दाजी प्रत्येक भेटीत म्हणत, "दारातनं या की पाव्हणं, आडवं कशाला शिरताय?"

पाण्याच्या पलीकडच्या काठाला मोठं गाव आहे. बाजार, दवाखाना, मोठी शाळा, सगळं तिकडे. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा पडतो, म्हणून लोक होडीनं जातात. दाजी होडीत असले की तो जलप्रवास राहत नाही, गावातून मारलेली चक्कर होते. आता पाटलांचं खळं आलं, आता हौसाकाकूचा गोठा, असं त्यांचं चालू असतं. मध्येच ते होडीवाल्याला सांगतात की जरा डावीकडून घे, पुढे विहीर आहे, आणि होडीवाला घेतो, कारण आता त्यालाही तिथे विहीर दिसायला लागली आहे. मारुतीच्या देवळावरून होडी जाऊ लागली की दाजी चपला काढून हातात धरतात, आणि आपण काढल्या नाहीत तर आपल्या पायांकडे बघत राहतात. माझा देवावर विश्वास नाही, पण त्या होडीत मी दर वेळी चपला काढतो. वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. एकदा सहलीला आलेली पुण्याची मंडळी होडीत होती. त्यांनीही मुकाट बूट काढले, आणि उतरताना त्यांतल्या एका गृहस्थानं इथे नेमकं कोणतं देवस्थान आहे असं विचारलं. दाजींनी पाण्याकडे बोट दाखवलं. गृहस्थानं पाण्याला नमस्कार केला आणि फोटो काढून घेतला.

पत्ता सांगताना तर दाजींना धरण दिसतच नाही. त्यांच्या मुलानं एकदा मोबाईलवरून मिक्सर मागवला. माल घेऊन नसरापूरहून निघालेल्या पोरानं फोनवर रस्ता विचारला, आणि फोन नेमका दाजींनी उचलला. सरळ खाली यायचं आणि चिंचेपाशी डावीकडे वळायचं, असं त्यांनी सांगितलं. पोरगं सरळ खाली आलं. गाडीचं पुढचं चाक पाण्यात गेलं तेव्हा ते थांबलं आणि चिंच कुठे आहे म्हणून विचारू लागलं. "तुज्या म्होरंच हाय की," दाजी म्हणाले.

भावकीतलं भांडणही त्यांनी बुडू दिलेलं नाही. खाली त्यांच्या घराला लागून त्यांच्या चुलतभावाचं घर होतं. या चुलतभावाला सगळं गाव आबा म्हणतं. दाजींच्या छपराच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडतात अशी आबांची तक्रार, आणि छप्पर आजोबांच्या वेळचं आहे, अंगणच पुढे सरकलं, असं दाजींचं उत्तर. यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. मग धरण आलं आणि छप्पर, अंगण, पागोळ्या या सगळ्यांवर एकदमच पाणी पडलं. कोणाही समंजस माणसाला वाटेल, वाद मिटला. त्या दोघांना तसं वाटलं नाही. वर त्यांची घरं गावठाणाच्या दोन टोकांना आहेत, एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या स्वप्नातसुद्धा पडणार नाहीत. तरी लग्नकार्यात समोरासमोर आले की आबा कोणातरी तिसऱ्याकडे बघून म्हणतात, "पागोळ्यांचं काय झालं म्हणावं." आणि दाजी मांडवाच्या खांबाला सांगतात, "अंगण मागं घ्या म्हणावं."

उन्हाळ्यात, पाणी उतरलं की, जुनं गावठाण उघडं पडतं. घरांची जोती, पायऱ्या, देवळाचा चौथरा, आधी चिखलात आणि मग भेगाळलेल्या गाळात. बाकीचे लोक तिथे म्हशी सोडतात, गाळात काहीबाही पेरतात. दाजी घरी जातात. अगदी खरोखर जातात. घोंगडं, हंडा, कंदील घेऊन उतरतात, जोतं झाडून काढतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत तिथेच राहतात. मेहुणी वरून भाकरी पाठवते, आणि माझ्या बायकोचा फोन आला की सांगते, "हे गावाला गेलेत."

इथवर कोणालाही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला नातीच्या शाळेवरून.

दाजींची सून किकवीची. हायवेच्या कडेला वाढलेली, बारावीपर्यंत नंबरात आलेली आणि पुढे शिकायचं राहून गेलेली. लग्न होऊन ती डोंगरात आली, तिनं म्हशी सांभाळल्या, भात लावला, कशाबद्दल कुरकुर केली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, की पोरीनं पलीकडच्या काठावरच्या त्या मोठ्या शाळेत जावं. वरच्या गावठाणातल्या लहानशा शाळेत पहिलीला त्या वर्षी ही एकटीच असणार होती, म्हणजे पहिला नंबर तिचा आणि शेवटचाही तिचाच. पलीकडच्या शाळेत शिक्षण हक्काच्या काही जागा होत्या, सोडतीनं भरायच्या. त्यात आधी हक्क कोणाचा, तर ज्यांचं घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे त्यांचा. घर मोबाईलच्या नकाशावर लाल फुगा ठेवून दाखवायचं आणि अंतर मशीननं सरळ रेषेत मोजायचं.

अर्ज सुनेनं स्वतः भरला. सगळं लिहून झालं आणि नेमकी तव्यावरची भाकरी करपायला आली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते. "मामा, तेवढा फुगा आपल्या घरावर ठिवा," असं म्हणून तिनं मोबाईल दाजींच्या हातात दिला आणि ती चुलीकडे वळली. दाजींनी चष्मा पुसला, नकाशा नीट पाहिला, आणि बोटानं फुगा ओढत ओढत घरावर नेऊन ठेवला. नंतर मी तो नकाशा पाहिला आहे. फुगा धरणाच्या निळ्या रंगात होता, काठापासून चांगलाच आत, आणि अगदी बरोबर जागी होता. वरचं घर दाखवलं असतं तर अंतर दीड किलोमीटरच्या पुढे गेलं असतं. खालचं घर शाळेला जवळ पडतं. मशीनला पाण्याचं काही वावडं नव्हतं. तिनं रेष मारली आणि दाजी एक किलोमीटरच्या आत आले.

सोडतीत पोरीचा नंबर लागला. पेढे वाटून झाले आणि दुसरा निरोप आला की पडताळणीसाठी साहेब घर पाहायला येतील, पत्ता खोटा निघाला तर प्रवेश रद्द होईल. तेव्हा कुठे सुनेनं नकाशा उघडून पाहिला. फुगा पाण्यात बघून तिनं मला फोन केला. माझ्याकडे पुस्तकांची दोन कपाटं आहेत, एवढ्यावरून माझ्या सासुरवाडीनं मला कायद्याचा जाणकार ठरवून टाकलं आहे. त्या कपाटांत कायद्याचं एकही पुस्तक नाही, हे मी अनेकदा सांगितलं. त्याला ते माझा विनय समजतात.

मी गेलो, आणि कपाटं असलेल्या माणसाला शोभेल असा सल्ला दिला. साहेबांना सरळ सांगायचं, की म्हाताऱ्याच्या हातून चूक झाली. "मग नंबर जाईल की ओ, काका," सून म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. मग मी दाजींना समजवायला गेलो.

"चुकलं म्हंजी काय पण?" दाजी म्हणाले. "घर कुठं हाय म्हणून इचारलं, म्या दावलं."

"दाजी, राहता पत्ता म्हणजे माणूस जिथं राहतो ती जागा."

"मंग म्या सध्या कुठं ऱ्हातोय?"

मे महिना होता. हे संभाषण आम्ही खाली, त्यांच्या जोत्यावर बसून करत होतो. माझ्या हातात त्यांच्या चुलीवरचा चहा होता. माझ्या मागे त्यांची वळकटी होती आणि दोरीवर त्यांचं धोतर वाळत होतं. मी चहा पिऊन टाकला.

स्थळपाहणीच्या दिवशी साहेब पांढऱ्या जीपमधून आले, सोबत ग्रामसेवक. साहेब उंचेपुरे होते आणि 'सदर' या शब्दाखेरीज त्यांचं वाक्य सुरू होत नसे. सदर गाव, सदर ऊन, सदर पाण्याची बाटली. आधी ते वरच्या घरी गेले. समोर गिलावा नसलेल्या भिंती, पत्र्याचं दार, ना रंग, ना नाव. "सदर बांधकाम अपूर्ण दिसतं," साहेब म्हणाले, "इथे कोणी राहत नसावं." दाजींचं इतक्या वर्षांचं धोरण असं एका वाक्यात फळाला आलं. मेहुणीनं तर सवयीनंच सांगितलं की हे मुक्कामाचं आहे, घर खाली आहे.

खाली दाजी तयार होते. आदल्या दिवशी त्यांनी मुलाला आणि गावातल्या चार जणांना कामाला लावून ती चौकट टेम्पोत घातली होती, गाळापर्यंत नेली होती, तिथून खांद्यावर घेऊन जोत्यावर तिच्या मूळ जागी, दगडांचा टेकू देऊन उभी केली होती. उघड्या माळावर, मागे डोंगर, पुढे उरलेलं पाणी, आणि मध्ये एक दार. उंबऱ्याला हळदकुंकू, पुढे रांगोळी. आत घोंगडं अंथरलेलं.

साहेब जवळच्या वाटेनं, म्हणजे बाजूनं, जोत्यावर पाय ठेवणार एवढ्यात दाजी म्हणाले, "साहेब, दारातनं या. तिथं भित हाय."

साहेब थांबले. न दिसणाऱ्या भिंतीपुढे थांबणं हा सरकारी नोकरीचा भागच असावा, कारण ते काही न बोलता वळसा घालून दारापाशी आले. तिथे त्यांनी बूट काढले. मान लववून ते आत आले, आणि पांढरे मोजे घालून घोंगड्यावर बसले. मागून ग्रामसेवक आला. "कवाड लोटून घ्या," दाजी त्याला म्हणाले, "म्हस शिरती." ग्रामसेवकानं कवाड लोटलं. म्हैस आधीच आत होती. ती आबांची होती.

साहेबांनी कागद काढले. रेशनकार्ड, आधार, वीजबिल, सगळ्यांवर गावाचं नाव होतं, आणि गावाचं नाव खालीही तेच आणि वरही तेच, त्यामुळे कागद कोणाच्याच बाजूनं बोलेनात. मग त्यांनी मान वर केली आणि सदर घरास भिंती नाहीत असं निदर्शनास आणलं. दाजींनी काम राहिलं असल्याचं सांगितलं. छपराबद्दल विचारलं, तर उन्हाळ्यात लागत नाही म्हणाले. इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, पाण्यानं डोंगराच्या अंगावर उमटवलेली रेष पाहिली, जी आमच्या सगळ्यांच्या डोक्यांच्या पुष्कळ वर होती, आणि विचारलं, "पावसाळ्यात काय करता?"

सुनेनं पोरीचा हात घट्ट धरला. एवढं तेवढं खोटं बोलून टाकावं असं मला मनापासून वाटलं. पण दाजी पत्त्याच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत.

"पावसाळ्यात आमी वर मुक्कामाला जातो," ते म्हणाले.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. सदर जागेत कायमचा रहिवास दिसत नाही, असं ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज वाईट नव्हता, त्यांनाही ती रांगोळी दिसत होती. मग सुटका करून घ्यावी तसं त्यांनी विचारलं की शेजारीपाजारी कोणी सांगणारं आहे का, की हे लोक इथेच राहतात.

दाजींनी शेजारच्या जोत्याकडे पाहिलं. तिथे आबा उभे होते, हातात काठी, म्हैस न्यायला आलेले. इतक्या वर्षांत दाजींनी आबांना हाक मारली नव्हती आणि आताही त्यांच्या तोंडून ती निघेना. शेवटी सूनच उठली. "आबा," ती म्हणाली, "जरा या की हिकडं."

आबा आपल्या अंगणाच्या कडेपर्यंत आले. पुढे आले नाहीत. साहेबांनी दाजींकडे बोट करून विचारलं, हे इथे राहतात का? आबांनी दाजींकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. आता हा माणूस इतक्या वर्षांचा हिशेब एका शब्दात चुकता करणार, असं माझ्या मनात आलं.

"ऱ्हात न्हाईत तर काय," आबा म्हणाले. "आज्याच्या वक्तापासनं ह्यांच्या पागोळ्या माज्या अंगणात पडत्यात. ऱ्हात नसते तर पडल्या असत्या का? लिवून घ्या, साहेब. ह्ये पयलं लिवून घ्या."

"अंगण पुढं सरकलंय," दाजी म्हणाले. "ह्ये बी लिवा."

"अंगण सरकतंय व्हय रं? अंगणाला पाय हायेत?"

"तुला हायेत की. तूच सरकीवलंस."

बोलता बोलता ते तिसऱ्या माणसाला सांगायचं विसरले आणि थेट एकमेकांशी बोलू लागले. जिथे छप्पर नव्हतं तिथल्या पागोळ्या आणि जिथे अंगण नव्हतं तिथली हद्द, आबा काठीनं हवेत रेषा मारून दाखवत होते आणि दाजी त्या पुसत होते. साहेब आधी गोंधळले आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा शांत होत गेला. मला ते नंतर जीपपाशी म्हणाले की त्यांनी खूप ठिकाणी पडताळण्या केल्या आहेत. खोट्या पत्त्याला साक्ष द्यायला येणारे शेजारी गोड बोलतात, एकमेकांना पाणी विचारतात. असं भांडण कोणाला उभं करता येत नाही, त्याला पिढ्या लागतात. जिथे माणूस राहत नाही तिथे त्याच्याशी हद्दीवरून कोण भांडेल? हे तर्कशास्त्र माझ्या दोन्ही कपाटांत नव्हतं.

साहेबांनी टोपण काढलं. चौकटीवरचा बिल्ला पुसून घरनंबर उतरवून घेतला. गाव वर आणताना कोणी नंबर बदलले नव्हते, ग्रामसेवकाच्या दप्तरात तोच होता. मग जागेच्या खुणेसह घराचा फोटो घ्यायचा होता. दाजी, मेहुणी, मुलगा, सून आणि पोर चौकटीपुढे उभे राहिले. साहेबांनी आबांनाही पंच म्हणून फोटोत बोलावलं. आबांनी सांगितलं की ते दाजींच्या दारात पाय ठेवणार नाहीत. ते आपल्या अंगणातच उभे राहिले. पण मध्ये भिंत नसल्यामुळे फोटोत ते दाजींच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत असं दिसतं. म्हैसही आली आहे. त्या फोटोत दार आहे, सगळं कुटुंब आहे, एक चुलतभाऊ आहे, डोंगर आहे. घर नाही. सदर फोटो मंजूर झाला.

प्रवेश पक्का झाल्यावर दाजींनी चौकट पुन्हा वर आणून ओसरीत टेकवली, पण या वेळी ती टेकून राहिली नाही. फोटोच्या दिवशी पोर दिवसभर त्या दारातून आतबाहेर करत होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'दारातनं या' म्हणणारा आजोबा तिनं ऐकला होता. वर आल्यावर ती पत्र्याच्या दारातून घरात शिरेना. ते दार नव्हे, दार ते, असं म्हणून टेकलेल्या चौकटीपाशी बसून राही. आईनं ओढलं, आजीनं लाडू दाखवला. आठवडाभर दाजींनी ते पाहिलं. स्वतःच घातलेला नियम होता, मोडायचा कसा? शेवटी ते गवंड्याला बोलावून आले. भिंत फोडली, चौकट बसली. कढीपत्त्याच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या.

मी त्यानंतर गेलो तेव्हा नडगी आपटली नाही, डोकं आपटलं. चौकट जुन्या मापाची आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पाणी चढलं होतं आणि जुनं गावठाण बुडालं होतं. समोर, पार पलीकडच्या काठाला शाळेचं छप्पर दिसत होतं. पोर रोज होडीनं जाते. मारुतीच्या देवळावर आली की बूट काढते, मोजेही काढते, आणि पुन्हा घालायला तिला वेळ लागतो, म्हणून ती वर्गात नाड्या न बांधताच पोहोचते. बाईंनी याबद्दल वहीत लिहून पाठवलं आहे. आबा आणि दाजींचं बोलणं पुन्हा बंद झालं आहे, पण त्याच होडीनं बाजाराला जाताना आबाही आता देवळावर चपला काढतात असं सून सांगत होती.

दाजी ओसरीत बसून पाण्याकडे बघत होते. आता चौकट बसली, म्हणजे अखेर तुम्ही वर राहायला आलात, असं मी म्हणालो. दाजींनी ते ऐकून घेतलं.

"नुसत्या पाचरी मारल्यात," ते म्हणाले. "खिळा न्हाई."

ऊन पाण्यावरून सरकत होतं आणि होडी परत येताना दिसत होती. होडी एका जागी आली तेव्हा तिच्यातल्या एका बारक्या आकृतीनं वाकून पायाशी काहीतरी केलं. दाजींनी ते पाहिलं.

"पोरीची शाळा घरापासनं जवळ पडली," ते म्हणाले. "ह्ये एक बरं झालं."

माणसाचं घर नेमकं कुठे असतं, यावर त्या वेळी माझ्या मनात पुष्कळ विचार आले आणि ते सगळे चांगले होते. पण ते सांगत बसत नाही, एवढंच सांगतो की चौकट जुनी आणि भिंत नवी असल्यामुळे ते दार पुरतं लागत नाही. रात्री त्याला आतून मसाला वाटायचा पाटा लावून ठेवतात.